पवाया : सिंध-पार्वती संगमावरील एका द्वीपकल्पाचा भूगोल व इतिहास

ग्वाल्हेर म्हटले की मराठी वाचकासमोर शिंद्यांचे लष्कर उभे राहते, आणि उर्दू वाचकासमोर हजरत मुहम्मद गौस यांचा मकबरा व त्याच्या आवारातील तानसेनची कबर. दोघेही सहसा शहराच्या दक्षिणेला फार लांब जात नाहीत. ग्वाल्हेर-झाशी लोहमार्गावर डबरा हे स्थानक आहे. तेथून आत गेल्यावर सिंध आणि पार्वती या नद्यांच्या संगमावर पवाया नावाचे खेडे लागते. आसपासचे लोक त्याला पदम पवाया असेही म्हणतात. शेते, विटांचे उंचवटे, पडका किल्ला, काही कबरी आणि दोन नद्या, एवढेच वरवर पाहणाऱ्याला दिसते. परंतु इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात येथे पद्मावती नावाची राजधानी होती. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी याच जमिनीवर सिकंदर लोदीच्या अधिकाऱ्याने किल्ला उभारून त्याला अस्कंदराबाद असे नाव दिले.

एकाच जागेची ही तीन नावे तीन भाषांतून आली आहेत: एक संस्कृतातून, एक फारसीतून आणि एक लोकांच्या बोलीतून. ही जागा पुन्हा पुन्हा का निवडली गेली, तिचा विसर कसा पडला आणि ती पुन्हा ओळखली कशी गेली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तेथील पाण्यात सापडतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

द्वीपकल्प की दुआब?

शाळेच्या भूगोलात द्वीपकल्प म्हणजे तीन बाजूंनी पाणी असलेला भूभाग अशी व्याख्या शिकविली जाते आणि उदाहरण म्हणून अरबस्तान किंवा दख्खनचे दिले जाते. त्यामुळे द्वीपकल्पाला समुद्र लागतोच, अशी समजूत होते. व्याख्येत समुद्राची अट नाही. सरोवरात शिरलेली जमीन किंवा नदीच्या वेढ्यात सापडलेले टोक हेही द्वीपकल्पच होय. शब्दाची घडणही पाहण्यासारखी आहे. संस्कृतात 'कल्प' हा प्रत्यय 'जवळजवळ तसाच' या अर्थी लागतो, म्हणून द्वीपकल्प म्हणजे जवळजवळ द्वीप. उर्दूत द्वीपकल्पाला 'जज़ीरानुमा' म्हणतात, म्हणजे जज़ीऱ्यासारखे दिसणारे. दोन्ही भाषांनी एकच कल्पना आपापल्या साधनांनी बांधली आहे. वर्गात दोन्ही शब्द शेजारी शेजारी फळ्यावर लिहून दाखविले, तर विद्यार्थ्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

दोन नद्यांमधील प्रदेशाला फारसीत दुआब म्हणतात. गंगा-यमुनेचा दुआब शेकडो मैलांचा आहे. पण दुआबाचे अगदी शेवटचे टोक, जेथे दोन्ही नद्या एकमेकींत मिसळतात, तेथे दोन पाण्यांचे तीन पाणी होते: डावीकडे एक नदी, उजवीकडे दुसरी आणि समोर संगमाचा विस्तार. तेथे दुआबाचे द्वीपकल्प होते. महाराष्ट्रातील वाचकांनी कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर हे पाहिले असेल. नळदुर्गचा किल्लाही बोरी नदीच्या वळणातील खडकावर उभा आहे. तेथे दुसरा इब्राहीम आदिलशाह याच्या काळात, १६१३ साली, नदीवर बंधारा घालून पाणी अडविण्यात आले आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. नळदुर्गला पाणी माणसाने आणून उभे केले. पवायाला ते मुळातच होते.

दोन नद्या

सिंध नदी विदिशा जिल्ह्यातील पठारावर उगम पावते आणि सुमारे ४७० किलोमीटर वाहून यमुनेला मिळते. ही पंजाब-सिंधमधील महानदी नव्हे. नावाच्या या साम्यामुळे संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासकांची अनेकदा दिशाभूल झालेली आहे. नैर्ऋत्येकडून येणारी सिंध नरवरजवळून पुढे येते. पार्वती शिवपुरीच्या बाजूने उत्तरेला उतरते, हरसीनंतर पूर्वेला वळते आणि भितरवारवरून पवायाकडे येते. या दोहोंच्या मधली जमीन पूर्वेकडे निमुळती होत जाते आणि तिच्या टोकाशी पवाया आहे.

अशा जागेचे लाभ उघड आहेत. शहराच्या दोन बाजू नद्या राखतात, तटबंदीचा खर्च एका बाजूवर येतो. उन्हाळ्यात एक नदी आटली तरी दुसरी उपयोगी पडते. उताराच्या घाटांवर जकात बसविता येते. तोटेही तितकेच उघड आहेत. जमिनीकडची बाजू शत्रूने अडविली की आतल्यांना बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि दोन्ही नद्यांना एकाच वेळी पूर आला तर पाणी कोंडून मागे फुगते. येथील नद्या पावसाळी आणि खडकाळ पात्रांच्या आहेत. वैशाखात गुडघाभर आणि श्रावणात हत्ती बुडेल इतके पाणी, असा त्यांचा स्वभाव आहे.

याशिवाय जवळपास आणखी दोन लहान नद्या आहेत. महुअर ही दक्षिणेकडून येऊन सिंधला मिळते. नून ही उत्तरेकडे आहे. सिंधच्या पात्रात खडकावरून पडणारा एक धबधबाही येथून जवळच आहे. चार नद्या, दोन संगम आणि एक धबधबा ही यादी लक्षात ठेवावी. हरवलेले शहर तिच्याच आधारे सापडले.

नाटकात जपलेला नकाशा

भवभूती हा आठव्या शतकातील नाटककार. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःचा ठावठिकाणा दिला आहे: विदर्भातील पद्मपूर, काश्यप गोत्र, आजोबा भट्ट गोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. संस्कृत कवी स्वतःविषयी इतके क्वचितच सांगतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असे दाखविले. पूर्वी ते भंडारा जिल्ह्यात होते, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. म्हणजे भवभूती हा आजच्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा माणूस.

त्याच्या 'मालतीमाधव' या नाटकाचे सगळे कथानक पद्मावती नगरात घडते. नायक माधव हा विदर्भाच्या अमात्याचा मुलगा. तो पद्मावतीला आला आहे तो आन्वीक्षिकी, म्हणजे तर्कशास्त्र, शिकायला. नायिका मालती ही तेथील अमात्याची मुलगी. दोघांचे वडील एकेकाळचे सहाध्यायी, आणि ही सोयरीक जुळवून आणणारी कामंदकी ही बौद्ध भिक्षुणी त्याच विद्यार्थिमंडळातली. एका विद्यापीठाच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ओळखीवर सबंध नाटक उभे आहे, असे म्हटले तर फार चुकीचे होणार नाही. विदर्भातून सातआठशे किलोमीटर उत्तरेला शिकायला जाणे प्रेक्षकांना अस्वाभाविक वाटणार नाही, हे नाटककाराने गृहीत धरले आहे.

आपल्या विषयासाठी त्याहून महत्त्वाची आहेत ती दोन स्थळे. चौथ्या अंकाच्या अखेरीस माधव आणि त्याचा मित्र मकरंद पारा आणि सिंधू यांच्या संगमावर स्नान करून नगरात शिरण्याचे ठरवितात. नवव्या अंकाच्या आरंभी सौदामिनी ही योगिनी आकाशमार्गाने येते आणि खाली दिसणाऱ्या प्रदेशाचे वर्णन करते. सिंधू आणि पारा यांनी वेढलेले पद्मावती नगर, त्याचे उंच वाडे, देवळे, वेशी आणि बुरूज तिला दिसतात. नगराजवळची लवणा नदी आणि तिच्या काठचे गवत, सिंधूचा गर्जत कोसळणारा प्रपात, सिंधू आणि मधुमती यांचा संगम आणि त्यावरील सुवर्णबिंदू नावाचे शिवस्थान यांचाही ती उल्लेख करते. काव्यातील नगरवर्णने बहुधा साचेबद्ध असतात. कोणत्याही नगरीचे नाव घालावे आणि तेच वाडे, त्याच ध्वजा वापराव्यात, अशी ती रीत. हे वर्णन तसे नाही. वरून पाहणाऱ्याच्या नजरेने, क्रमाने, एकेक पाणी सांगत ते पुढे जाते. ज्याने ही जागा स्वतः पाहिली नाही त्याला ते लिहिता आले नसते, असे मानायला जागा आहे. भवभूतीची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत खेळली जात. हे कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाल असे काहींचे मत असले, तरी मिराशींनी ते यमुनेकाठच्या काल्पीला नेले. सिंध नदी यमुनेला मिळते ती काल्पीच्या वरच्या बाजूला, त्याच जालौनच्या मुलखात. मिराशींचे मत धरले, तर भवभूतीच्या प्रेक्षकांपैकी काही जण या नद्या ओळखणारे असणार.

नद्या बरोबर, शहर चूक

एकोणिसाव्या शतकात जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम याने या वर्णनावरून पद्मावतीचा शोध घेतला. १८६२ ते १८६५ या वर्षांच्या त्याच्या अहवालांत नद्यांची ओळख पटविलेली आहे. सिंधू म्हणजे सिंध, पारा म्हणजे पार्वती, लवणा म्हणजे नून आणि मधुमती म्हणजे महुअर. हे चारही निष्कर्ष आजवर टिकले आहेत. त्याने शहर मात्र नरवरला नेले.

त्याची चूक समजण्यासारखी आहे. नरवर हा या टापूतील सर्वांत भव्य डोंगरी किल्ला, तेथे नाग राजांची नाणी सापडत होती आणि नल राजाची कथाही त्या गावाला चिकटलेली होती. चारही नद्या तेथून घोड्यावरून गाठता येण्याजोग्या होत्या. परंतु नरवर पार्वतीवर नाही, आणि नाटकातील नगर दोन नद्यांच्या वेढ्यात आहे. किल्ल्याच्या दरार्‍यापुढे नाटकातला एक शब्द हलका ठरला.

ही चूक दुरुस्त करण्यात मराठी भाषकांचा वाटा मोठा आहे आणि तो महाराष्ट्रात पुरेसा माहीत नाही. लेले यांच्या 'मालतीमाधव : सार आणि विचार' या मराठी पुस्तकातही पद्मावतीच्या स्थानाची चर्चा आहे. निर्णायक काम केले ते ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९१५-१६ च्या वार्षिक अहवालात त्यांचा पद्मावतीच्या स्थानावरील लेख प्रसिद्ध झाला. नरवरपासून सुमारे ४० किलोमीटर ईशान्येला असलेले पवाया हेच पद्मावती, हे त्यांनी नाटकातील प्रत्येक पाणी प्रत्यक्ष जागेशी पडताळून दाखविले. संगम, धबधबा, महुअरचे मुख आणि नून हे सारे पवायाच्या भोवती हाकेच्या नव्हे, तरी चालण्याच्या अंतरात होते. वर नावाचा पुरावा होताच. पद्मावतीचे प्राकृतात पउमावई होते, आणि तेथून पवाया फार दूर नाही.

कनिंगहॅम आणि गर्दे या दोघांपुढे मजकूर एकच होता. फरक पडला तो एवढाच की गर्द्यांनी द्वीपकल्पाची अट सोडली नाही.

विटा, नाणी आणि विदर्भ

पवायाला १९२४-२५ पासून १९४०-४१ पर्यंत काही हंगामांत उत्खनन झाले. विटांचे टप्प्याटप्प्याने चढत जाणारे एक मोठे बांधकाम उघडे पडले. ते विष्णुमंदिराचे अधिष्ठान असावे असे मानले जाते. अलीकडे स्थानिक लोक त्याला भवभूतीचे नाट्यमंच म्हणतात. भवभूतीविषयीच्या प्रेमाचा तो पुरावा आहे, इमारतीविषयीचा नव्हे. तालवृक्षाच्या आकाराचे स्तंभशीर्ष, मातीच्या मूर्ती आणि गुप्तकालीन तोरणाचा एक मोठा कोरीव तुकडाही मिळाला. या तुकड्यावर मध्ये एक नर्तकी आहे आणि भोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया बसल्या आहेत. संगीताच्या इतिहासकारांना तो चांगला परिचित आहे. पुढे तानसेनमुळे ज्या प्रदेशाचे नाव झाले, तेथे हजार वर्षे आधीचा वाद्यवृंद दगडात बसलेला सापडावा, हा योगायोग सुखद आहे.

याहून जुनी आहे मणिभद्र यक्षाची मूर्ती. तिचे मस्तक नाहीसे झालेले असले, तरी पायाशी असलेला ब्राह्मी लेख शाबूत आहे. स्वामी शिवनंदी राजाच्या चौथ्या वर्षी मणिभद्राच्या भक्तांच्या गोष्ठीने ही मूर्ती बसविली, असे त्यावरून कळते. मणिभद्र हा व्यापारी व वाटसरू यांचा रक्षक. मूर्ती राजाने नव्हे, एका मंडळाने वर्गणीतून उभारली, यावरून येथे संगमावर उतरणाऱ्या सार्थवाहांची वस्ती असावी, हा तर्क अवास्तव नाही. या वस्तू ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील संग्रहालयात आहेत.

नाग राजे मुख्यतः नाण्यांवरून माहीत आहेत. बोटाच्या पेरावर मावतील इतकी ही तांब्याची नाणी लहान आहेत. त्यांवर बैल, मोर, त्रिशूळ, चक्र अशी चिन्हे आणि भीम, स्कंद, बृहस्पति, देव, गणपति अशी नावे आहेत. ह. वि. त्रिवेदी यांनी त्यांची सूची १९५७ साली ग्वाल्हेरहून प्रसिद्ध केली. पुराणांत पद्मावती, कांतिपुरी आणि मथुरा येथे नऊ नाग राज्य करतील असे म्हटले आहे. अलाहाबादच्या स्तंभलेखात समुद्रगुप्ताने उखडून टाकलेल्या राजांत गणपतिनाग आणि नागसेन यांची नावे येतात. बाणभट्ट तर हर्षचरितात सांगतो की पद्मावतीच्या नागसेनाचा नाश एका मैनेमुळे झाला. तिने त्याचे गुपित ऐकले आणि ते बोलून दाखविले.

विदर्भाशी असलेला संबंध येथेही डोकावतो. वाकाटकांच्या ताम्रपटांत पहिल्या रुद्रसेनाला भारशिव राजा भवनाग याचा दौहित्र म्हटले आहे. भवनागाची नाणी पद्मावतीच्या नाग नाण्यांच्या मालिकेत बसतात. म्हणजे पद्मावती आणि विदर्भ यांच्यात सोयरीक भवभूतीच्या चारशे वर्षे आधीच झालेली होती. नाटकात विदर्भाच्या अमात्याचा मुलगा पद्मावतीचा जावई होतो. भवभूतीला ही जुनी आठवण ठाऊक होती की नाही हे सिद्ध करता येणार नाही, परंतु दोन प्रदेशांमधील वाट मळलेली होती, एवढे निश्चित.

रस्ता आणि किल्ला

पद्मावतीचे वैभव केव्हा सरले याची एक तारीख देता येत नाही. खजुराहो येथील कोक्कल नावाच्या गृहस्थाच्या विक्रम संवत १०५८ (इ.स. १००१) च्या शिलालेखात उंच प्रासादांच्या पद्मावती नगरीचे गौरवाने वर्णन आहे, पण ते पूर्वजांच्या गावाविषयी बोलावे तशा सुरात. यानंतर नाव मागे पडले. रस्ता मात्र चालूच राहिला. ग्वाल्हेरहून नरवर, तेथून चंदेरी किंवा सिरोंज, आणि पुढे बुऱ्हाणपूरमार्गे दख्खन, असा हा रस्ता होता. १३४२ साली इब्न बतूता दिल्लीहून निघून ग्वाल्हेरवरून चंदेरीकडे गेला तो याच टापूतून. वाटेत त्याला परवान नावाचे एक लहान मुसलमानी ठाणे लागले. बरेच अभ्यासक ते नरवर असावे असे मानतात.

सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिकंदर लोदीने आपला तळ आग्र्याला आणला आणि त्याची नजर ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराकडे वळली. ग्वाल्हेरचा किल्ला सरळ हल्ल्याने पडणारा नव्हता. सिकंदरने भोवतालची ठाणी एकेक करून घेतली. मंद्रायल, उदगीर (हे दख्खनचे उदगीर नव्हे) आणि १५०८ साली दीर्घ वेढ्यानंतर नरवर त्याच्या हाती आले. नरवरला त्याने देवळे पाडून मशिदी बांधल्याचे फारसी इतिहासकार नमूद करतात. ते झाकण्याचे कारण नाही. 'गुलरुखी' या तखल्लुसाने फारसी कविता करणारा सुलतानही हाच, आणि १५१२ साली संस्कृत वैद्यकग्रंथांच्या आधारे 'मअदनुश्शिफा' हा फारसी ग्रंथ तयार झाला तो याच्याच आश्रयाने. एका माणसाच्या ठिकाणी या गोष्टी एकत्र होत्या. त्यांपैकी सोयीची तेवढी उचलणे हा इतिहास नव्हे.

पवायाचा किल्ला याच धोरणाचा भाग होता, असे दिसते. फारसी शिलालेखानुसार सिकंदर लोदीच्या राज्यात सफदर खान याने तो बांधला आणि त्याचे नाव अस्कंदराबाद ठेवले. नावाच्या उच्चाराविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत. आरंभीचा अलिफ 'अ' वाचावा की 'इ', हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. सिकंदरचे मूळ अरबी-फारसी रूप इस्कंदर असल्यामुळे 'इस्कंदराबाद' हे वाचन अधिक योग्य वाटते. तथापि, पुस्तकांत 'अस्कंदराबाद' हेच रूढ झाले आहे.

सफदर खानाने 'मालतीमाधव' वाचले असण्याची शक्यता नाही. नाग राजांचे नावही त्याच्या कानावर गेले नसावे. तरीही त्याने बरोबर तीच जागा निवडली, कारण नद्या त्याच होत्या. येथे बसले की ग्वाल्हेर आणि नरवर या दोन तोमर-प्रभावाखालील किल्ल्यांमधला दुवा तुटतो, सिंधचे उतार हाती येतात आणि फौजेला बारमाही पाणी मिळते. त्याला बांधकामासाठी जुन्या शहराच्या विटा आणि दगडही आयते मिळाले असणार.

यानंतरचे एक शतक थोडक्यात सांगता येते. पवायापासून जवळच सिंधच्या काठी धूमेश्वर महादेवाचे मंदिर आहे. ते ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने बांधले असे मानतात. हाच वीरसिंहदेव. १६०२ च्या ऑगस्टमध्ये अबुल फज़ल दख्खनच्या मोहिमेवरून आग्र्याला परतत होता. सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंहदेवाने त्याला नरवर आणि ग्वाल्हेर यांच्या दरम्यान गाठून ठार केले. अबुल फज़लची कबर आंतरी येथे आहे. ग्वाल्हेरहून डबऱ्याकडे जाताना हे गाव वाटेतच लागते. 'आईन-ए-अकबरी'मध्ये हिंदुस्थानच्या सुभ्यांचा, नद्यांचा आणि रस्त्यांचा हिशेब मांडणारा हा लेखक त्यातल्याच एका रस्त्यावर पडला.

कोण वाचणार?

अस्कंदराबाद हे नाव टिकले नाही. सरकारी नाव गेले आणि बाराशे-पंधराशे वर्षे तोंडातोंडी झिजत आलेले पवाया हे नाव उरले. यात कोणाचा जय किंवा पराजय शोधू नये. औरंगजेबाने दिलेली कित्येक नावे अशीच गेली, आणि अनेक संस्कृत नावेही गेली. खेड्यातले लोक आजोबांच्या तोंडचे नाव घेतात.

परंतु अभ्यासाच्या बाजूने एक असमतोल राहिला आहे आणि त्याची जबाबदारी अध्यापकांवर येते. पद्मावतीवर संस्कृतज्ञांनी, नाणकशास्त्रज्ञांनी आणि मूर्तिशास्त्रज्ञांनी भरपूर लिहिले. अस्कंदराबादविषयीचा मजकूर बहुतेक ठिकाणी दोन-तीन ओळींत संपतो. किल्ला, कबरी आणि फारसी लेख यांचा पद्मावतीच्या अवशेषांइतका बारकाईने विचार झालेला नाही. याचे कारण द्वेष आहे असे मानणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. संस्कृत जाणणारा भवभूतीपाशी थांबतो आणि फारसी जाणणारा सिकंदर लोदीपासून सुरुवात करतो. मधली सातशे वर्षे आणि दोन्ही बाजूंची सलगता पाहणारा माणूस मिळत नाही. गर्दे यांच्या पिढीत ग्वाल्हेर संस्थानात मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू आणि फारसी यांची ये-जा एकाच कचेरीत होती. आज एका महाविद्यालयात उर्दू विभाग आणि संस्कृत विभाग यांच्या खोल्या शेजारी असल्या, तरी वेळापत्रके भेटत नाहीत.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अरबी-फारसी शिलालेख विभागाचे कार्यालय नागपूरला आहे. डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानांनी देशभरातील हजारो लेखांचे वाचन या विभागाच्या वतीने प्रसिद्ध केले. भवभूतीचे पदमपूर तेथून फार तर एका दिवसाच्या प्रवासावर आहे. पवायाची दोन्ही टोके हाताळण्याची साधने अशी विदर्भातच जवळजवळ पडलेली आहेत. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर मणिभद्राचा लेख आणि सफदर खानाचा लेख शेजारी ठेवून वाचणे हा उत्तम विषय आहे. दोन्ही लेखांत राजाचे नाव आहे आणि बांधणाऱ्याचे नाव आहे. दोन्हीकडे बांधणारा राजा नाही.

ही जागा पाहायची असेल तर हिवाळ्यात जावे. नद्यांचा स्वभाव आता पूर्वीचा राहिलेला नाही. पार्वतीवर हरसीचे मातीचे धरण ग्वाल्हेर संस्थानने १९३५ साली पुरे केले. सिंधवर नरवरच्या वरच्या अंगाला मडीखेड्याचे धरण एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभे राहिले. म्हणजे द्वीपकल्पाच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यामागे आता एकेक मोठा जलाशय आहे, आणि उन्हाळ्यात संगमावर किती पाणी असावे हे बऱ्याच अंशी कालव्यांच्या गरजेवर ठरते. भवभूतीने ऐकविलेला सिंधूचा प्रपात पावसाळ्यात अजून गर्जतो. २०२१ च्या ऑगस्टच्या आरंभी शिवपुरी भागात अतिवृष्टी झाली, धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि सिंधच्या पुरात पवायाच्या खालच्या अंगाला दतिया जिल्ह्यातील पूल एकामागून एक वाहून गेले. काठच्या गावांतील माणसे छपरांवर चढून बसली होती. त्यांना काढायला लष्कर बोलवावे लागले.